बिनऔषधाची बॅच

त्या सकाळी इनक्युबेटरमधून प्लेट बाहेर काढली तेव्हा सुवर्णाला आधी वाटलं, मुली औषधाच्या चकत्या ठेवायलाच विसरल्या. काचेच्या झाकणाखाली सगळीकडे एकसारखी फिकट साय धरली होती. तिनं प्लेट खिडकीशी नेली. चकत्या होत्या. नखाएवढ्या, पांढऱ्या, कागदी, नीट अंतर राखून मांडलेल्या. मुलींची काही चूक नव्हती. जंतूच चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत येऊन टेकले होते, आपल्याच अंगणात बसावं तसे निवांत. एरवी असं होत नसे. चकतीतलं औषध भोवतीच्या थरात झिरपे, तिथले जंतू मरत आणि चकतीभोवती एक स्वच्छ गोल कडं उमटे. मुली त्याला बांगडी म्हणत. ‘मॅडम, माझी बांगडी मोठी आली,’ असा गलका दर हिवाळ्यात या प्रयोगशाळेत होई. कॉलेजात शिकवायला लागली त्या वर्षापासून हे प्रात्यक्षिक ती घेत आली होती. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे हायवेपासून आत गोटीरामची पोल्ट्री होती. तिथून कोंबड्यांची विष्ठा आणायची, तीतले जंतू वाढवायचे, त्यांच्यावर औषधांच्या चकत्या ठेवायच्या, कडं मोजायचं. पहिल्या वर्षी कडी इतकी मोठी आली होती की शेजारशेजारची दोन कडी एकमेकांत मिसळून गेली होती. मग ती लहान होत गेली. दोन हजार सालानंतर तर भराभर. दरवेळी तिच्याकडे कारण तयार असे. चकत्या जुन्या झाल्या असतील. लाइट गेल्यानं फ्रीज बंद पडला असेल. आज कारण सापडेना. तिनं नव्या चकत्या मागवल्या आणि सगळं पुन्हा स्वतःच्या हातानं केलं. शेजारी एका प्लेटमध्ये कपाटातला जुना, साधा, औषधाला मरणारा जंतू वाढवला. दुसऱ्या दिवशी त्या साध्या जंतूच्या प्लेटमध्ये छान मोठं कडं आलं होतं आणि गोटीरामकडच्या प्लेटमध्ये काहीही नव्हतं. मधली चकती ताप, लघवीची जळजळ, हगवण, सगळ्यालाच डॉक्टर लिहून देतात त्या औषधाची होती. सुवर्णानं मागच्या पावसाळ्यात तीच गोळी खाल्ली होती. मुली वहीत वर्तुळ काढायला थांबल्या होत्या. एकीनं विचारलं, ‘मॅडम, शून्य लिहायचं का?’ सुवर्णा म्हणाली, ‘हो. शून्य लिहा.’

घरी जाताना ती गोटीरामचा विचार करत होती. खरं तर त्याचा विचार करायची तिला सवय नव्हती. त्याला काय म्हणून हाक मारायची हेसुद्धा इतक्या वर्षांत ठरलं नव्हतं. भाऊ म्हणवत नव्हतं, नुसतं नाव घेणं बरं दिसलं नसतं, म्हणून ती ‘अहो’ म्हणून बोलायला सुरुवात करी आणि मग त्याच शब्दानं अवघडून जाई. एक्क्याण्णव साली हाच गोटीराम तिला बघायला आला होता. मखमलाबादच्या त्यांच्या मळ्यात, पडवीत, चटईवर. शेजारी शेवंतीचे हारे भरून ठेवलेले, पहाटे मार्केटला जायचे. तो अंघोळ करून, नवा शर्ट घालून आला होता, तरी त्याच्याबरोबर एक वास आला होता. आंबूस, नाकाच्या आत वरपर्यंत चढणारा, डोळ्यांना बारीक झोंबणारा. त्यानं तेव्हा नुकतंच कोंबड्यांचं पहिलं शेड घातलं होतं आणि वडील, पुंजाराम, कौतुकानं त्याला पिल्लांबद्दल विचारत होते. चहाचा कप देताना तिनं श्वास धरला होता. त्याला ते कळलं असावं, कारण तो एकदम मागे सरकून बसला. रात्री तिनं वडिलांना सांगितलं, ‘त्या वासात मला जन्म काढायचा नाही.’ वडील म्हणाले, ‘बरं.’ एवढंच. मग एम. एस्सी. झाली, नोकरी लागली, मागण्या येत गेल्या आणि येईनाशा झाल्या, वडील गेले, मळा भाऊ मल्हारी बघू लागला. तिचं काही अडलं नाही, असं ती स्वतःला सांगे आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं. प्रात्यक्षिकासाठी विष्ठा हवी म्हटल्यावर तिला गोटीरामकडे धाडलं होतं ते वडिलांनीच. तिनं मुलींचा घोळका आडोशासारखा पुढे घातला होता. त्याचं तोवर लग्न झालेलं. तो शेडच्या दारात उभा राहून म्हणाला होता, ‘या मॅडम. काय पायजे तेवढं घ्या. या मालाला कोणी ना म्हणत नाय.’ आणि हसला होता. त्यात टोमणा होता की नव्हता हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. त्याची बायको सखुबाई सगळ्या मुलींना चहा करून देई, दरवर्षी, स्टीलच्या बारक्या पेल्यांत.

गोटीरामला हे सांगायला हवं. कुठल्या हक्कानं सांगायचं, हा प्रश्न तिला दुसऱ्या दिवशी नाशिकला द्वारकेच्या चौकात एसटीची वाट बघताना पडला आणि बस ओझरच्या पुढे गेली तरी सुटला नाही. त्याची पोल्ट्री आता दोन मोठ्या शेडांची होती. कंपनीची नाही, स्वतःची. पिल्लं स्वतः आणायची, वाढवायची, व्यापाऱ्याला द्यायची. ती आत शिरली तेव्हा तो पाण्याच्या टाकीशी उभा होता आणि एका पुडीतली पिवळसर भुकटी टाकीत ओतून काठीनं ढवळत होता. एवढ्या वर्षांत तिनं ते किती वेळा पाहिलं असेल. तिनं पुडी हातात घेऊन नाव वाचलं. मधल्या चकतीतल्या औषधाचंच भावंड होतं, एकाच कुळातलं. एकाला सरावलेला जंतू दुसऱ्यालाही जुमानत नाही. ‘कोंबड्या आजारी आहेत?’ तिनं विचारलं.

‘नाय नाय. आजारी पडू नये म्हून देतो. पहिल्या दिवसापासून. सगळेच देतात.’

‘दर बॅचला?’

‘मग? मर लागल्यावर देऊन काय फायदा?’ मर म्हणजे पिल्लं पटापट मरणं; पोल्ट्रीवाल्यांच्या तोंडी हा शब्द देवीच्या कोपासारखा येई. तो आज चहाचं बोलला नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं. घराचं दार ओढलेलं होतं. ‘सखुबाई कुठं गेल्या?’

‘नाशकात हे. दवाखान्यात. लघवीची जळजळ होती, मग थंडी भरून ताप आला. गोळ्या चालू केल्या, ताप काय उतरना. किडनीला सूज सांगतात.’ तो काठी ढवळत राहिला. तिला विचारायचं नव्हतं तरी तिनं विचारलं, कुठल्या गोळ्या. त्यानं खिशातून चुरगळलेली रिकामी पट्टी काढून दाखवली. तिच्यावर मधल्या चकतीतल्या औषधाचंच नाव होतं. सुवर्णाला तिथं उभं राहणं कठीण झालं. शेडमधून हजारो पक्ष्यांचा एकच सलग कुजबुजल्यासारखा आवाज येत होता. आपण प्लेट घेऊन यायला हवं होतं, असं तिला वाटलं आणि लगेच वाटलं, कशाला? हा माणूस हातात बायकोच्या औषधाची रिकामी पट्टी घेऊन उभा आहे, त्याला मी काचेतली साय दाखवणार? ती म्हणाली, ‘मी जाते त्यांच्याकडे.’

दवाखान्यात सखुबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. एवढीशी दिसत होती. सुवर्णानं तिला कायम चुलीशी, टोपलीशी, शेडच्या दाराशी, कुठल्यातरी कामाला भिडलेलीच पाहिलं होतं. तिच्या लघवीत कोणते जंतू आहेत आणि ते कोणत्या औषधाला मरतात हे त्या दिवशीच कळलं होतं. डॉक्टर तरुण होते. सुवर्णा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते हे कळल्यावर मोकळेपणानं बोलले. गोळ्या चालणारच नव्हत्या, आता इंजेक्शन बदललं आहे. सुवर्णानं शेडबद्दल सांगितलं, प्लेटबद्दल सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ‘तिथूनच आलं असं म्हणता नाही यायचं, मॅडम. माणसंही दोन गोळ्या खाऊन सोडून देतात. पण तिथून आलं नाही असंही मी म्हणणार नाही.’ तेवढंच खरं उत्तर होतं आणि त्यानं कोणाचंच समाधान होणार नव्हतं. ती खाटेशी बसून राहिली. नवीन इंजेक्शनला जंतू मरतील ना, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत होता. तिच्या कामात मरणं ही चांगली गोष्ट असे. मेलं की कडं येतं, मुली खूश होतात. इथे ते सगळं एका बाईच्या अंगात चाललं होतं आणि वरून काही दिसत नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला. सुवर्णा कॉलेजवरून गेली तर सखुबाई उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले.

‘ताई, एक इचारू?’ सखुबाई म्हणाली. ‘माझ्या अंगात आमच्या शेडातलेच किडे गेले का? डॉक्टर तुमच्याशी बोलत व्हते, मी डोळे झाकून आयकलं.’

‘नक्की नाही सांगता येत.’

‘पण आसू शकतं.’

‘असू शकतं.’

सखुबाईनं पदर सारखा केला. ‘हाताला तर कायम लागलेलंच आसतं. घरात तेच, कपड्याला तेच.’ मग थोडं हसली. ‘तुम्ही नाय म्हणाल्या म्हून मी या घरात आले. ठावं हे ना तुम्हाला? लग्न झाल्यावर मला ह्यांनीच सांगितलं. म्हणे एका शिकल्या पोरीनं वासामुळं नाय म्हणलं. मी म्हणलं, मला नाय येत वास.’ सुवर्णाचा चेहरा तापला. ‘येतो पण,’ सखुबाई म्हणाली. ‘आजूक येतो. बोलले नाय कधी.’ बाहेर कुठंतरी लोखंडी स्टूल ओढल्याचा आवाज झाला. इतक्या वर्षांत या बाईनं दिलेला चहा आपण पटकन पिऊन निघत आलो, हे सुवर्णाच्या मनात आलं. ‘मग आता काय करायचं, ते सांगा,’ सखुबाई म्हणाली. तिच्या आवाजात आजारपण उरलं नव्हतं.

काय करायचं ते सुवर्णानं रात्रभर विचार करून ठरवलं असं काही झालं नाही. ते तिच्या तोंडून त्याच वेळी निघून गेलं. एका शेडमध्ये पिल्लं कमी घालायची. शेड धुऊन, चुना मारून काही दिवस रिकामं ठेवायचं. खाली भाताचं कोरडं तूस घालायचं, ओलं झालं की बदलायचं. लसी सगळ्या द्यायच्या. पाण्यात औषध मात्र घालायचं नाही, पक्षी खरोखर आजारी पडल्याशिवाय. सखुबाईनं ऐकून घेतलं. गोटीराम आला तेव्हा तिनं खाटेवरूनच सांगितलं. तो चिडला. म्हणाला, बिनऔषधाची बॅच काढायची म्हणजे पिल्लं मारायला घालायची. दुकानदार हसंल. मॅडमला काय, त्यांचा पगार चालू हे. हे शेवटचं तो सुवर्णाकडे न बघता बोलला. ते खरंच होतं. सुवर्णा म्हणाली, ‘मी रोज येईन. दुपारी कॉलेज सुटलं की येईन, रविवारी दिवसभर.’ हे आपण का बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. पण बोलून झाल्यावर मनातली कित्येक दिवसांची चुळबुळ थांबली. सखुबाई नवऱ्याला म्हणाली, ‘वरचं शेड मी बघते. त्यात मी सांगंन ते. खालच्यात तुम्ही काय घालायचं ते घाला.’

दरम्यान मल्हारीच्या मळ्यात कोंबडखताची ट्रॉली आली. तीही गोटीरामकडचीच, दरवर्षीसारखी. मल्हारी कोथिंबिरीच्या वाफ्यात ती ताजीच पसरायला निघाला तशी सुवर्णा आडवी गेली. ‘वाफ्यात नको. बांधाकडेला ढीग लाव. कुजू दे नीट, मग घाल.’ मल्हारी म्हणाला, ‘अगं, आख्खं नाशिक आपली कोथिंबीर खातं. कोणाला काय झालं आजपर्यंत?’ ती म्हणाली, ‘कोणाला काय झालं ते आपल्याला कुठं कळतं?’ तो वैतागून ट्रॅक्टर बंद करून चहाला गेला. ती फावडं घेऊन स्वतःच ट्रॉलीवर चढली. सवय राहिली नव्हती, तळहाताला फोड आले. ढीग लावून तिनं पाणी शिंपडलं, वर ताडपत्री घातली. दर आठवड्याला ती तो उलटायची. आतून वाफ निघे आणि हात लावला तर पोळे. त्या उष्णतेत बरेच जंतू मरतात हे पुस्तकात वाचलेलं तिला पहिल्यांदा हाताला कळत होतं. पुढं पुढं मल्हारी न सांगता अर्धा ढीग उलटून ठेवी आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नसे.

जानेवारीत वरच्या शेडमध्ये पिल्लं आली. खोक्यांतून काढून पिवळे गोळे तुसावर सोडले आणि ते उबेच्या बल्बाखाली लोटले. सुवर्णा रोज दुपारी द्वारकेहून बस धरू लागली. पाण्याची भांडी धुवायची, तूस खालीवर करायचं, कुठं ओल दिसली तर भरून बाहेर टाकायचं. स्टाफरूममध्ये कोणी तिच्या केसांना वास येतो असं म्हणालं नाही, पण दोघीतिघी तिच्या शेजारची खुर्ची टाळायला लागल्या. तिनं ते पाहिलं आणि तिला अपमान वाटला नाही. उलट गंमत वाटली, थोडी क्रूर गंमत, कारण तशी खुर्ची तिनंही एकदा टाळली होती. शेडमध्ये तिला दुसरीच काळजी असे. पिल्लांच्या आवाजात जरा फरक पडला की तिचे कान टवकारत. काचेतले जंतू तिला ओळखीचे होते, एका जागी बसणारे, झाकणाखाली राहणारे. इथे सगळं हलत होतं, पायांत येत होतं, खात होतं, घाण करत होतं. ही जिवंत पिल्लं आपल्या शब्दावर वाढताहेत याची भीती तिला पहाटे जाग येऊन वाटे आणि मग कॉलेजला जाईपर्यंत अंगात राही.

तिसऱ्या आठवड्यात निफाडकडून थंडीची लाट आली. द्राक्षबागांत लोक शेकोट्या पेटवू लागले. शेडला चारी बाजूंनी गोणपाटाचे पडदे घट्ट बांधले. दोन दिवसांत पक्षी शिंकू लागले, पंख पाडून बसू लागले. त्या रविवारी ती पोचली तेव्हा दाराशी मेलेल्या पिल्लांचा ढीग होता आणि गोटीराम टाकीजवळ पुडी घेऊन उभा होता. पुडी फाडलेली होती. सखुबाई टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभी. सुवर्णाला बघून तो म्हणाला, ‘बघा. आता काय म्हणता?’

ती काय म्हणणार होती? क्षणभर तिला मनापासून वाटलं की त्यानं ओतावं. ओतावं आणि हे संपावं, तिनं बसनं घरी जावं, पुन्हा कधी इकडे येऊ नये. मुली शून्य लिहितील, पुढच्या वर्षीही शून्य लिहितील. हे वाटणं इतकं स्पष्ट होतं की ती घाबरली. तिनं एक मेलेलं पिल्लू उचललं. हलकं होतं, थंड, पाय ताठ. ‘आजारी असतील तर औषध द्यायचंच आहे,’ ती म्हणाली. ‘मी कधीच नाही म्हटलं नाही. पण काय झालंय ते आधी कळू दे. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. ते म्हणाले तर मी स्वतः टाकीत ओतते.’

‘तवर मरतील.’

‘काही मरतील,’ ती म्हणाली. ती जागची हलली नाही. गोटीरामनं तिच्याकडे पाहिलं, बहुधा पडवीतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच एवढा वेळ. मग पुडीचं तोंड दुमडून त्यानं ती सदऱ्याच्या खिशात घातली आणि मोटरसायकल काढली.

डॉक्टर आले ते थेट शेडमध्ये शिरले आणि लगेच डोळे चोळत बाहेर आले. ‘अहो, आत उभं राहवत नाही. हे पडदे कोणी आवळले? तूस ओलं झालंय, त्याचा वायू कोंडलाय. पक्ष्यांची छाती त्यानंच धरलीय.’ त्यांनी दोन मेलेली पिल्लं चिरून पाहिली, तिघांनाही दाखवली. पुडीची गरज आज तरी नाही म्हणाले, पडदे वरून हातभर उघडा, खालचं सगळं काढा, परवा पुन्हा बघतो. मग दुपारभर तिघांनी ओलं तूस उपसलं. पाट्या भरायच्या, दाराशी ओतायच्या, कोरडं आणून पसरायचं, पक्षी एका बाजूला हाकायचे, पुन्हा दुसऱ्या बाजूला. सुवर्णाच्या साडीचा काठ शेणकट ओलीनं जड झाला होता, घशात जळजळत होतं. ओलं तूस उपसताना तिला जाणवलं की हाच तो वास, आणि तो आता फक्त काम सांगणारा वास झाला आहे: इथे ओल आहे, इथून काढ. कमरेत कळ आली की ती उभी राही आणि वरच्या फटीतून आलेली थंड हवा तोंडावर घेई. गोटीराम एका पाटीला तिच्या बरोबरीनं हात लावत म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही बसा आता.’ ती म्हणाली, ‘ही पाटी होऊ द्या.’ दुसऱ्या दिवशी मर निम्म्यावर आली. मग थांबत आली. पुडी लागली नाही.

फेब्रुवारी सरताना बॅच गेली. व्यापाऱ्यानं वजनावरून कुरकुर केली, पण माल नेला. सखुबाईनं त्या दिवशी चहा केला आणि सुवर्णा बाजेवर बसून तो सावकाश प्यायली. मग तिनं वरच्या शेडमधली विष्ठा कॉलेजात नेली. मुलींची परीक्षा जवळ आली होती, प्रयोगशाळेत ती एकटीच होती. प्लेटा इनक्युबेटरमध्ये ठेवताना तिनं स्वतःला बजावलं होतं, काही येणार नाही. तुसात, पाण्याच्या पाइपात, जमिनीत, सखुबाईच्या नखांत वर्षानुवर्षं मुरलेले जंतू एका बॅचनं कुठे जातात? हे तिला ठाऊक होतं, मुलींना शिकवलेलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी दार उघडताना तिचा हात थांबला. कडं नव्हतं. सगळ्या प्लेटांत तीच साय, चकतीला टेकलेली. ती स्टुलावर बसली. इतकी थंडी, इतक्या पाट्या, इतकी मेलेली पिल्लं. आपण त्या दोघांना काय सांगून हे करायला लावलं? काहीच नाही, फक्त थांबा म्हटलं. लोकांना थांबायला सांगणारी माणसं किती असतात आणि त्यांच्या हाती काय लागतं? खोटं सांगावं असा विचारही तिच्या मनात आला. थोडं कडं आलंय म्हणावं, केसाएवढं. कोण बघायला येणार होतं? तिनं प्लेटा पिशवीत घातल्या आणि द्वारकेहून बस धरली.

ओट्यावर तिनं त्या उन्हात मांडल्या. शेजारी कपाटातल्या साध्या जंतूची प्लेट ठेवली, कडं असलेली. ‘असं यायला हवं होतं,’ ती म्हणाली, ‘आणि हे आलंय.’

गोटीरामनं दोन्हींकडे पाहिलं. ‘म्हणजे फरक नाय.’

‘नाही.’

‘मग कशाला केलं सगळं?’

‘एका बॅचमध्ये होणार नाही हे मला माहीत होतं. मी तुम्हाला आधीच ठासून सांगायला हवं होतं. पाच, दहा बॅच लागतील. कदाचित पूर्वीसारखं कधीच होणार नाही. पण औषध ओतत राहिलो तर जे दुसरं औषध सखुबाईंना लागू पडलं, त्याचीही गत हीच होईल. आणि त्याच्या पुढचं माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही.’ तो उठला, चपला घातल्या आणि द्राक्षांच्या बागेकडे निघून गेला. सखुबाईनं प्लेटा एकेक करून पिशवीत घातल्या, जपून, जणू फुटतील. ‘ह्यांचं आसंच आसतं,’ एवढंच ती म्हणाली. सुवर्णानं विचारलं नाही, असंच म्हणजे कसं. बसमध्ये तिनं खिडकीला डोकं टेकलं. हायवेवर कांद्याचे टेम्पो एकामागून एक चालले होते. ती रडली नाही. तिला खूप दमल्यासारखं वाटत होतं आणि त्या दमण्याच्या तळाशी काहीतरी कठीण, न हलणारं लागत होतं. गोटीरामनं नाही म्हटलं तर दुसरा पोल्ट्रीवाला शोधायचा. तोही नाही म्हणाला तर तिसरा. मल्हारीचा ढीग आहेच. पुढच्या हिवाळ्यात मुलींना शून्य लिहायला सांगताना, ते कुठून आलं हेही सांगायचं, प्लेट उन्हात धरून, परीक्षेच्या पेपरात येवो न येवो.

त्यानंतर बरेच दिवस तिकडून काही निरोप आला नाही. मार्च तापू लागला. एका दुपारी द्वारकेच्या चौकात ती रस्ता ओलांडायला थांबली होती, तेव्हा कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानासमोर तिला गोटीरामचा टेम्पो दिसला. तो स्वतः आत, पाठमोरा. सरळ निघून जावं असं तिला वाटलं. तिनं ओळख दाखवली तर त्याला बोलावं लागेल आणि तो काय बोलेल हे ऐकायची तिची तयारी होती की नाही, तिला कळेना. मग ती रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. गोटीरामनं मान वळवून तिला पाहिलं, ‘या मॅडम’ म्हणाला आणि पुन्हा दुकानदाराकडे वळला. खाद्याच्या गोण्या काढून झाल्या होत्या. दुकानदारानं न विचारता मागच्या फळीवरून पिवळ्या पुड्यांचा गठ्ठा उचलून काउंटरवर ठेवला.

‘हे नको,’ गोटीराम म्हणाला.

‘वरच्या शेडला नको ना? बायकोचा प्रयोग चालू आहे म्हणे,’ दुकानदार हसला. ‘खालच्याला तरी ने.’

‘खालच्याला बी नको. दोन्हीला नको.’

दुकानदारानं एकदा त्याच्याकडे, एकदा पायरीवर उभ्या असलेल्या सुवर्णाकडे पाहिलं. ‘अरे, मर लागली की पळत येशील इथं.’

‘येईन की,’ गोटीराम म्हणाला. त्यानं गठ्ठा काउंटरवरून पलीकडे सरकवला. ‘डॉक्टरला दाखवीन आन मग येईन. तव्हाच दे.’

त्यानं खाद्याची पहिली गोणी पाठीवर घेतली. सुवर्णा पायरीवरून बाजूला झाली आणि टेम्पोचा मागचा फाळका उघडून धरून उभी राहिली.